बाल्टिमोर ओरिओल्सने या हिवाळ्यात स्टार्टिंग पिचिंगचं (सामना सुरू करणाऱ्या पिचरांचं) काय करावं?

पूर्वकिनारा – ४ नोव्हेंबर २०२५

शनिवारी टोरंटोत वर्ल्ड सिरीजचा (बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना अकराव्या इनिंगपर्यंत गेला (एरवी नऊच असतात) आणि डॉजर्सनी सलग दुसरं विजेतेपद घेतलं. त्यांचा पिचर (चेंडू टाकणारा) योशिनोबु यामामोतो याने शुक्रवारी सहा इनिंग टाकल्या होत्या. शनिवारी तो पुन्हा आला आणि शेवटचे आठ गडी त्यानेच बाद केले. हाच यामामोतो ६ सप्टेंबरला कॅमडेन यार्ड्‌सवर म्हणजे आपल्या घरच्या मैदानावर, आपल्याविरुद्ध नो-हिटर (एकही हिट न देता टाकलेला सामना) पूर्ण करायला फक्त एक गडी दूर होता. नवव्या इनिंगमध्ये, दोघे बाद झालेले असताना जॅक्सन हॉलिडेने होम रन मारला आणि तिथून आपण तो सामना ४-३ असा काढला. कॅल रिपकनच्या सलग २,१३१व्या, विक्रमी सामन्याला तीस वर्षं झाल्याचा सोहळा त्याच संध्याकाळी होता. बाकी मोसमाबद्दल काय सांगायचं: ७५ विजय, ८७ पराभव, विभागात शेवटचा नंबर. दोनच वर्षांपूर्वी, २०२३ मध्ये, याच संघाने १०१ सामने जिंकले होते.

गेल्या हिवाळ्यात आपला पिचर कॉर्बिन बर्न्स फ्री एजंट झाला (करार संपून कुठेही जायला मोकळा) आणि ॲरिझोनाने त्याला सहा वर्षांसाठी २१० मिलियन डॉलर दिले. त्याच्या जागी आपण काय आणलं? ३५ वर्षांचा टोमोयुकी सुगानो (१३ मिलियन), ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन (१५ मिलियन), आणि मोसम तोंडावर आल्यावर, मार्चमध्ये, ३७ वर्षांचा काइल गिब्सन. तिघांचेही करार एकेका वर्षाचे. २० एप्रिलला घरच्या मैदानावर सिनसिनाटीने आपल्याला २४-२ असं हरवलं. २९ एप्रिलला गिब्सनचा पहिला सामना होता, आणि यांकीजच्या पहिल्या तीनही फलंदाजांनी त्याला होम रन मारले. १७ मे रोजी मॅनेजर ब्रँडन हाइडला काढलं तेव्हा आपण १५-२८ वर (१५ विजय, २८ पराभव) होतो. संघाचं वर्ष तिथेच गेलं होतं.

दुखापती होत्या, मान्य. ग्रेसन रॉड्रिग्ज वर्षभर एकही सामना खेळला नाही. काइल ब्रॅडिश आणि टायलर वेल्स कोपराच्या शस्त्रक्रियेतून बरे होत होते. झॅक एफ्लिनची पाठ गेली. पण पिचर दुखावतात ही काही नवी गोष्ट नाही. रोटेशन (आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पिचरांचा संच) बांधताना ते धरूनच चालावं लागतं.

माझं मत सरळ आहे. संघबांधणीचे प्रमुख माइक एलायस २०१८ च्या शेवटी आल्यापासून त्यांनी ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत एकही पिचर घेतलेला नाही. रचमन, हेंडरसन, हॉलिडे, काउझर: सगळी गुंतवणूक फलंदाजांत. धोरण म्हणून ते मला पटतं, कारण तरुण पिचरच्या खांद्याचा आणि कोपराचा भरवसा देता येत नाही. पण मग दुसरा अर्धा भागही पाळायला हवा. पिकवले फलंदाज, तर पिचर विकत घ्यावे लागतील. पैसे देऊन नाहीतर फलंदाज देऊन. आणि खरा पिचर घ्यायचा तर अनेक वर्षांच्या कराराला तयार हवं. मी ह्यूस्टनहून फ्री एजंट झालेल्या फ्रांबर व्हाल्डेझला करारबद्ध करीन आणि त्याखेरीज एक ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करीन. तुम्ही काय कराल?

टॉवसनकर – ४ नोव्हेंबर

पिचरला लांबलचक करार द्यायला माझा विरोध आहे. या क्लबचा इतिहास बघा. २०१४ मध्ये उबाल्डो हिमेनेझ, चार वर्षं, ५० मिलियन. २०१८ मध्ये ॲलेक्स कॉब, चार वर्षं, ५७ मिलियन. कॉबचं पहिलं वर्ष ५-१५ असं गेलं आणि दुसऱ्या वर्षी तो जेमतेम तीन सामने खेळला.

आणि ज्या बर्न्ससाठी आपण सगळे हळहळलो, त्याची यंदा जूनमध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराच्या अस्थिबंधाची) झाली. म्हणजे २०२६ चा निम्मा मोसम तरी तो नाही. तो करार आपल्या डोक्यावर असता तर आज हा धागा वेगळ्याच कारणाने निघाला असता. एक वर्षाच्या करारात निदान पुढचं वर्ष मोकळं राहतं.

पूर्वकिनारा – ४ नोव्हेंबर

@टॉवसनकर, बर्न्सचं कोपर गेलं हे खरं. पण हिमेनेझ आणि कॉब दोघेही फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतलेले होते, बाजार उठल्यावर. शेल्फवर उरलेल्यांतून निवडलं आणि ते चाललं नाही, एवढ्यावरून लांब करारच वाईट असं ठरत नाही. या क्लबने डिसेंबरच्या सुरुवातीला, पहिल्या पसंतीचा पिचर पूर्ण किंमत देऊन घेतलाय असं उदाहरण मला सापडत नाही.

मीरा_सातारा – ५ नोव्हेंबर

मी मुलाकडे एलिकॉट सिटीला आले आहे, तो हे सामने लावतो म्हणून मीही बघायला लागले. प्रश्न अगदी प्राथमिक आहे. स्टार्टिंग पिचर एवढा महत्त्वाचा का? बुलपेनमध्ये सात-आठ राखीव पिचर बसलेले असतातच की. त्यांनी टाकाव्यात जास्त इनिंग.

सांख्यिकी – ५ नोव्हेंबर

मीराताई, प्रश्न प्राथमिक नाही, याच प्रश्नावर सध्या अख्खी लीग भांडते आहे.

क्रिकेटमध्ये पहिला स्पेल टाकून गोलंदाज सीमारेषेवर जाऊन उभा राहतो आणि कर्णधार त्याला संध्याकाळी पुन्हा बोलावतो. इथे तसं नाही. पिचर एकदा बदलला की त्या दिवसापुरता संपला. स्टार्टर साधारण ९०-१०० चेंडू टाकतो आणि मग पाचव्या-सहाव्या दिवशीच परत येतो, म्हणून पाच जणांचं रोटेशन लागतं. बुलपेनमधला माणूस एखादी इनिंग पूर्ण ताकदीने टाकतो, पण सलग तीन दिवस वापरलात तर चौथ्या दिवशी तो उपयोगाचा नसतो.

आता गणित. १६२ सामने, प्रत्येकी ९ इनिंग, म्हणजे मोसमात सुमारे १,४५८ इनिंग भरून काढायच्या. स्टार्टर सरासरी ६ इनिंग टाकत असतील तर त्यांच्याकडून ९७२ येतात. तेच सव्वापाच टाकत असतील तर साधारण ८५०. हा १२० इनिंगांचा फरक बुलपेनवर पडतो, म्हणजे जवळजवळ दोन जादा रिलीव्हरचं (बुलपेनमधल्या पिचरचं) पूर्ण वर्षाचं काम. आणि ते काम सर्वांत चांगल्या रिलीव्हरकडे जात नाही, सर्वांत शेवटच्या माणसाकडे जातं, जो काल नॉरफोकहून, आपल्या दुय्यम संघातून, विमानाने आलेला असतो. एप्रिलमधल्या त्या २४-२ च्या सामन्यात शेवटी क्षेत्ररक्षकांना पिचिंगला उभं करावं लागलं होतं.

दुसरी बाजूही सांगतो. एकाच सामन्यात फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला की तो पिचरला जास्त चांगला खेळतो, हे आकड्यांनी सिद्ध झालेलं आहे. म्हणून मॅनेजर मध्यम दर्जाच्या स्टार्टरला पाचव्या इनिंगनंतर काढतात, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे सहा-सात इनिंग टाकू शकणारा माणूस दुर्मिळ झाला आणि म्हणून महाग झाला.

मीरा_सातारा – ५ नोव्हेंबर

समजलं. धन्यवाद. मुलगा म्हणतो व्हाल्डेझ.

बोस्टनवासी – ६ नोव्हेंबर

शेजारच्या संघाचा चाहता आहे, तरी लिहितो, कारण तुमच्यासमोरचा प्रश्न बरोबर एक वर्षापूर्वी आमच्यासमोर होता. डिसेंबर २०२४ मध्ये रेड सॉक्सने व्हाइट सॉक्सला चार तरुण खेळाडू दिले, त्यांत काइल टील आणि ब्रेडन माँटगमरीसारखे पहिल्या फेरीतले दोघे, आणि गॅरेट क्रोशे आणला. त्या वेळी इथे बऱ्याच जणांचा जीव वरखाली झाला. क्रोशे २०२४ आधी कधी स्टार्टर नव्हताच. मोसम सुरू होतो न होतो तोच त्याच्याशी सहा वर्षांचा, १७० मिलियनचा करार झाला. त्याने २०२५ मध्ये १८-५ असा मोसम केला, दोनशेच्या वर इनिंग आणि २५५ स्ट्राइकआउट (चेंडू मारू न देता बाद केलेले).

तेव्हा ओरिओल्सकडे आमच्याइतकाच, कदाचित जास्त चांगला माल होता. कोबी मेयो होता, सॅम्युएल बसायो होता. तुम्ही कोणालाच हात लावला नाहीत.

टॉवसनकर – ६ नोव्हेंबर

बसायोला हात न लावल्याचं मला जराही वाईट वाटत नाही. ऑगस्टमध्ये तो आला आणि त्याच महिन्यात आठ वर्षांचा करार झाला, ६७ मिलियन. असा कॅचर (इथला यष्टिरक्षक) कोण सोडेल?

आणि फलंदाज देऊन पिचर आणायचा प्रयोग आपण जुलै २०२४ मध्ये केलाच की. काइल स्टावर्स आणि कॉनर नॉर्बी मायामीला देऊन ट्रेव्हर रॉजर्स घेतला. स्टावर्स यंदा ऑल-स्टार झाला.

सांख्यिकी – ६ नोव्हेंबर

आणि रॉजर्सने यंदा १८ सामन्यांत १.८१ चा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले रन, कमी तितके चांगले) ठेवला. त्याच ट्रेडची ही दुसरी बाजू. २०२४ मध्ये आल्यावर चार सामन्यांतच त्याला मायनरमध्ये (दुय्यम लीगमध्ये) पाठवलं होतं, तेव्हा याच ट्रेडला सगळ्यांनी नावं ठेवली. आज तो आपला सर्वोत्तम पिचर आहे. स्टावर्स मायामीत चमकला याने मला आनंदच होतो. दोन्ही संघांना हवं ते मिळालं. गर्दीत ज्याला रोज खेळायला मिळत नाही असा फलंदाज दिला आणि रिकामी असलेली जागा भरली. ट्रेड यापेक्षा वेगळा काय असतो?

जुना_ओरिओल – ७ नोव्हेंबर

मी १९७० च्या दशकात शिकायला आलो तेव्हा या शहरात १९७१ ची गोष्ट लोक रोज सांगत. एकाच संघाच्या चार पिचरनी वीस-वीस सामने जिंकले होते. डेव्ह मॅकनॅली २१, जिम पामर, माइक क्वेयार आणि पॅट डॉब्सन प्रत्येकी २०. यांतले पामर आणि मॅकनॅली आपल्याच शाळेत शिकलेले. क्वेयार ह्यूस्टनहून आणि डॉब्सन सान डिएगोहून ट्रेडने आलेला. घरचे दोन, बाहेरचे दोन. आपल्या संघाचा शेवटचा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेता १९८० चा स्टीव्ह स्टोन, तो तर फ्री एजंट म्हणून आला होता.

मला जास्त लागलेली गोष्ट दुसरीच आहे. माइक मुसीना २००० नंतर यांकीजकडे गेला. जेक ॲरिएटाला २०१३ मध्ये आपण शिकागोला दिलं आणि दोन वर्षांनी त्याने तिथे साय यंग जिंकलं. हात तोच, माणूस तोच, मग आपल्याकडे असताना काय कमी पडलं? कोणते चेंडू टाकायचे, कसे टाकायचे, यावर त्याचं आणि आपल्या कोचिंगचं जमलं नव्हतं. त्यामुळे या हिवाळ्यात तुम्ही कोणालाही घ्या, त्याच्याबरोबर रोज काम करणारी माणसं कोण आहेत हा प्रश्न मी आधी विचारीन. नवा मॅनेजर क्रेग अल्बर्नाझ क्लीव्हलंडहून आलाय, स्वतः कॅचर होता. क्लीव्हलंड कमी पैशांत वर्षानुवर्षं पिचर घडवत आलंय. तिथलं काही तो बरोबर आणेल अशी मला फार आशा आहे.

पूर्वकिनारा – ७ नोव्हेंबर

काका, तुमच्या प्रतिसादासाठीच धागा काढल्यासारखं झालं. ॲरिएटाचं नाव निघालं की अजून त्रास होतो.

व्हाल्डेझच का, ते नीट मांडतो. २०२२ च्या आधी आपल्या मैदानाची डावीकडची भिंत खूप मागे नेली आणि उंच केली. उजव्या हाताच्या फलंदाजांना ते जाचक होतं, पण सामान्य पिचरसुद्धा तिथे निभावून जात. यंदा ती भिंत पुन्हा पुढे आणली. म्हणजे उंच झेल देणारा पिचर आता इथे महागात पडतो. व्हाल्डेझ हा लीगमधल्या सर्वांत जास्त ग्राउंडर काढणाऱ्या स्टार्टरपैकी एक. चेंडू जमिनीवरून गेला तर भिंत कुठे आहे याने काय फरक पडतो? तो अडवायला शॉर्टस्टॉपला हेंडरसन आहे, सेकंडला हॉलिडे. यंदाही व्हाल्डेझने १९० च्या वर इनिंग टाकल्या.

शिवाय ह्यूस्टनने २०१५ मध्ये त्याला अवघ्या १०,००० डॉलरला घेतलं तेव्हा एलायस त्याच फ्रंट ऑफिसमध्ये होते. हा माणूस त्यांना आतून ठाऊक आहे. तो या महिन्यात ३२ वर्षांचा होईल, म्हणून सहा वर्षं मी देणार नाही. चार किंवा पाच. क्वालिफाइंग ऑफर (जुन्या संघाचा एक वर्षाचा ठरावीक प्रस्ताव) नाकारलेल्याला घेतलं तर ड्राफ्टमधली एक निवड जाते, ती जाऊ दे.

वाचक_रॉकव्हिल – ९ नोव्हेंबर

फ्री एजंट पिचर रेंजर सुआरेझचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. ३० वर्षांचा, डावखुरा, यंदा ईआरए ३.२०. वेग कमी आहे, पण वेग कमी असूनही बाद करतो ही मला जमेची बाजू वाटते. ९८ मैलांवर जगणाऱ्याचा वेग उतरला की त्याच्याकडे काही उरत नाही.

टॉवसनकर – ९ नोव्हेंबर

कमी वेग, ३० पार, वर अनेक वर्षांचा करार. मला झोप लागणार नाही.

सांख्यिकी – १९ नोव्हेंबर

काल रात्रीची बातमी सगळ्यांनी वाचली असेलच. ग्रेसन रॉड्रिग्ज एंजल्सकडे, बदल्यात टेलर वॉर्ड. म्हणजे आपण पिचर दिला आणि फलंदाज घेतला. वॉर्डने यंदा ३६ होम रन मारले, पण त्याचा करार एकाच वर्षाचा उरलाय. ग्रेसन आणखी चार वर्षं आपल्या हातात होता.

पूर्वकिनारा – १९ नोव्हेंबर

मी खूप नाराज आहे. ग्रेसनचं शरीर साथ देत नव्हतं हे दिसत होतं. आधी पाठीचा लॅट स्नायू, मग कोपर, वर्षभर बाहेर. डॉक्टरांचे अहवाल क्लबकडे आहेत, आपल्याकडे नाहीत, तेव्हा त्यांना काही वेगळं दिसलं असेल. पण २०२४ मध्ये १३-४ करणारा पिचर गेला आणि रोटेशनमधली एक जागा आणखी रिकामी झाली. आता निदान दोन स्टार्टर लागतील.

जुना_ओरिओल – १९ नोव्हेंबर

मुलगा चांगला होता. तिकडे त्याचं भलं होवो.

मला या सौद्यात तर्क दिसतो. जो पिचर पुढच्या वर्षी किती इनिंग देईल हे कोणालाच सांगता येत नाही, त्याच्यावर पाचातली एक जागा अडकवून ठेवणं हेही महागच. पण हा तर्क तेव्हाच पुरा होतो जेव्हा वॉर्डमुळे मोकळा झालेला एखादा आउटफिल्डर पुढे पिचरसाठी वापरला जाईल.

बोस्टनवासी – २७ नोव्हेंबर

पिचर डिलन सीझ टोरंटोला. सात वर्षं, २१० मिलियन. वर्ल्ड सिरीज दोन बादांनी हुकलेल्या संघाने थँक्सगिव्हिंगची वाट पाहिली नाही. आपल्या दोघांच्याही विभागात तो आता सात वर्षं आहे.

पूर्वकिनारा – १० डिसेंबर

फलंदाज पीट अलोन्सो आपला! पाच वर्षं, १५५ मिलियन. मला हा खेळाडू मनापासून आवडतो आणि मी आनंदात आहे. नव्या मालकांच्या काळात पैसा बाहेर निघत नाही ही तक्रार आता संपली. रिलीव्हर रायन हेल्सलीही आला, म्हणजे नववी इनिंग मार्गी लागली. पण पहिल्या पाच-सहा इनिंगांचं उत्तर अजून आलेलं नाही. ब्रूअर्सनी यंदा ९७ सामने जिंकले, लीगमध्ये सर्वांत जास्त, आणि मग डॉजर्सच्या चार स्टार्टरसमोर चार सामन्यांत मिळून चार रन केले. ऑक्टोबरमध्ये आपलंही तेच झालंय. २०२४ मध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध आपण १-० आणि २-१ हरलो, त्यातला पहिला सामना बर्न्सने आठ इनिंगांपर्यंत नेऊनही. तिथे आपले फलंदाज गप्प राहिले, पण सामने एवढ्या कमी रनांचे होतात ते समोरच्या स्टार्टरमुळे.

सांख्यिकी – २० डिसेंबर

टँपा बे रेजकडून पिचर शेन बाझ. दिले चार तरुण खेळाडू आणि एक ड्राफ्ट निवड.

यातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. दिलेल्यांत कॅचर केडन बोडाइन आहे. तो यंदा तिसाव्या क्रमांकावर निवडला होता, आणि ती निवड आपल्याला बर्न्स गेल्याची भरपाई म्हणून मिळाली होती. म्हणजे बर्न्सच्या वाटचा एक धागा फिरून रोटेशनमध्येच परत आला.

बाझ २६ वर्षांचा आहे आणि २०२८ पर्यंत आपला आहे. यंदाचा त्याचा ईआरए ४.८७, बघून लोक घाबरतील. पण ट्रॉपिकाना या त्यांच्या मैदानाचं छप्पर वादळात उडाल्यामुळे रेजनी घरचे सामने टँपामधल्या स्टाइनब्रेनर फील्डवर खेळले, तिथे चेंडू सहज बाहेर जायचा. बाहेरगावच्या सामन्यांत बाझ कितीतरी चांगला होता. २०२२ मध्ये त्याची टॉमी जॉन झालेली आहे, आणि यंदा तो ३१ सामने उभा राहिला. मला ही आकडेवारी आवडते.

टॉवसनकर – २० डिसेंबर

हा सौदा मला पूर्ण पटला. वय कमी, तीन वर्षं हातात, पगार मर्यादित. लांब कराराशिवाय चांगला पिचर मिळतो तो असा.

पूर्वकिनारा – २० डिसेंबर

@टॉवसनकर, किंमतही तशीच मोजली आहे हो. चार मुलं आणि एक निवड काही थोडकी नाही. पण मलाही पटला. मी फक्त एवढंच म्हणतो की रॉजर्स, ब्रॅडिश, बाझ, क्रेमर ही चार नावं झाली. ब्रॅडिश शस्त्रक्रियेनंतर जेमतेम सहा सामने खेळलाय, त्याच्याकडून पूर्ण वर्षाची अपेक्षा करता येत नाही. क्रेमर सलग चार वर्षं सव्वाशेच्या वर इनिंग देत आलाय आणि त्याचं कौतुक फार कमी होतं. पोविच आणि ब्रँडन यंग हे सहावे-सातवे म्हणून हवेत. यंगने ऑगस्टमध्ये ह्यूस्टनला आठव्या इनिंगमध्ये दोन बाद होईपर्यंत परफेक्ट गेम (एकाही फलंदाजाला बेसवर जाऊ न देणारा सामना) नेला होता, त्या मुलात काहीतरी आहे. पण पाचवा माणूस म्हणून त्याच्यावर विसंबायचं म्हणजे मागच्या वर्षीसारखं एप्रिलमध्ये कोणाला तरी शोधत बसावं लागेल.

वाचक_रॉकव्हिल – २९ डिसेंबर

एफ्लिन परत. एक वर्ष, १० मिलियन. पाठीची शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये झाली आहे.

टॉवसनकर – २९ डिसेंबर

पाचवा म्हणून उत्तम. माणूस स्ट्राइक टाकतो, वॉक (फलंदाजाला फुकटचा बेस) देत नाही, क्लबहाउसमध्ये सगळ्यांना हवासा आहे.

पूर्वकिनारा – २९ डिसेंबर

पाचवा किंवा सहावा म्हणून मलाही चालेल. पहिला म्हणून कोण, ते अजून ठरायचंय. व्हाल्डेझ आज या क्षणी मोकळा आहे. सुआरेझ मोकळा आहे. मार्चपर्यंत थांबून किंमत उतरेल ही अपेक्षा ठेवली तर त्याआधीच दुसरा कोणीतरी उचलून नेईल.

जुना_ओरिओल – ३० डिसेंबर

बाहेरच्यांची चर्चा चालू राहू दे, पण घरातलं एक काम कोणी लिहिलं नाही. ट्रेव्हर रॉजर्स २०२६ नंतर फ्री एजंट होतोय. बर्न्सच्या वेळी आपण एक वर्ष त्याला खेळवलं, निरोप दिला आणि बदल्यात ड्राफ्टची निवड घेतली. रॉजर्स २८ वर्षांचा आहे, इथे त्याला सूर सापडला आहे, आणि इथल्याच कोचांनी त्याला पुन्हा उभा केला आहे. फ्लोरिडात सरावाला सगळे जमतील तेव्हा पहिल्या आठवड्यात एलायसनी त्याच्या एजंटला बोलावून चार वर्षांचा प्रस्ताव समोर ठेवावा. बसायोशी केला तसा. व्हाल्डेझ आला तर दोघे डावखुरे शेजारीशेजारी, आणि नाही आला तरी पुढच्या हिवाळ्यात आपल्याला एकच जागा शोधायची राहील.